खेकड्यांची उताणी परीक्षा

एका जंगलात, म्हणजे आपल्या इथल्या नव्हे बरं का, पार समुद्र ओलांडून पलीकडे आफ्रिकेत जे जंगल आहे त्यात, एक नदी होती. ती डोंगरात जन्मायची, कड्यावरून उडी मारायची, माळावरून रमतगमत यायची आणि शेवटी एका मोठ्या डोहात येऊन आडवी व्हायची.

आता मुलांनो, नदी म्हटली की खेकडे आलेच. आपल्याकडे खेकडा दिसला की आपण एकच विचारतो, रस्सा करायचा की सुका? त्यापुढे त्याची चौकशी आपण करत नाही. या नदीवर मात्र तसं नव्हतं. तिथे वळण बदललं की खेकडा बदलायचा.

धबधब्यामागच्या कपारीत राहायचे ते खडके. अंगाने भाकरीसारखे चपटे. कितीही बारीक फट असो, खडके आत.

डोहाच्या तळाशी राहायचे ते डोहकर. पाठ जाड, नांग्या अडकित्त्यासारख्या. कठिणातला कठीण शंख ते सुपारीसारखा कातरायचे.

माळावर, पाण्यापासून कोसभर लांब, बिळं करून राहायचे ते जांभळे. अंग खरोखरच जांभळं आणि पाय नारिंगी. रोज उठून कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे दिसायचे.

आणि झाडावर राहायचे ते ढोलीकर.

हसू नका. झाडावरच. मी एरवी पुष्कळ थापा मारतो, पण ही त्यातली नाही.

त्या ढोलीकरांतली एक साळूबाई. एका जुनाट झाडाच्या ढोलीत तिचं बिऱ्हाड होतं. ढोलीत पावसाचं पाणी साठायचं, बादलीभर. पानं कुजून ते पाणी आंबट व्हायचं. मग साळूबाई खाली उतरायची, गोगलगाई धरायची, खायची आणि त्यांचे रिकामे शंख आणून ढोलीत टाकायची. शंखांनी पाणी गोडं व्हायचं. संसार नेटका होता.

गोगलगाय कशी खायची, हे साळूबाईला तिच्या आईनं शिकवलं होतं. "वरून चावत बसू नकोस, दात जातील. आधी तिला उताणी कर. उताणी झाली की ती जेवण झाली." हे वाक्य लक्षात ठेवा. साळूबाईनं ठेवलं होतं.

त्या वर्षी साळूबाईच्या पोटाखाली पोरं होती. खेकडीच्या पोटाला एक पडदा असतो, त्याच्याआड. मोहरीएवढी पोरं, पण एकूण एक पुरता खेकडा. नांग्या आहेत, डोळे आहेत, रागसुद्धा आहे. पाण्यात सोडण्याजोगी होईपर्यंत आई त्यांना अशीच घेऊन हिंडते.

आणि नेमकं त्याच वर्षी आभाळ रुसलं. ढोलीतलं पाणी आटलं. आधी बादलीचा तांब्या झाला, मग तांब्याची वाटी, मग नुसतेच शंख उरले. पोटाखालची ओल कमी व्हायला लागली, तशी पोरं चुळबुळायला लागली.

"चला रे बाबांनो," साळूबाई म्हणाली, आणि झाड उतरून डोहाची वाट धरली.

डोहावर ही गर्दी! नदी वरपासून खालपर्यंत आटली होती. पाणी उरलं होतं ते एवढ्या डोहात. त्यामुळे सगळे खेकडे तिथेच लोटले होते, आणि काठावर दादासाहेब डोहकर नांग्या पसरून उभे होते.

"जागा नाही," दादासाहेब म्हणत होते. "हा डोह खेकड्यांचा आहे."

"मग आम्ही कोण?" बापू जांभळ्यांनी विचारलं.

"तुम्ही रंगीत ढेकळं. पाण्यापासून कोसभर लांब राहता आणि खेकडे म्हणवता? उद्या उंदीर येऊन म्हणेल, मी मासा."

"आणि तुम्ही हो? पाण्यात बसून बसून बटाटा झालाय तुमचा."

"भांडू नका," खडके मास्तर मधे पडले. चपटे असल्यामुळे ते कुणाच्याही मधे सहज पडू शकत. "खरा खेकडा म्हणजे खडकातला. तुम्ही दोघंही नक्कल आहात. आता भांडण मिटलं की नाही?"

ते कसलं मिटतंय! तेवढ्यात साळूबाई पोचली. धुळीनं माखलेली.

"ही कोण?" बापूंनी विचारलं.

"झाडावरून उतरताना पाहिलं मी हिला," खडके म्हणाले.

"मग फळ असेल," दादासाहेब म्हणाले, आणि मघापासून एकमेकांच्या उरावर बसलेले तिघे मिळून खो खो हसले.

साळूबाईनं अपमान गिळला. पोटुशी बाई बरंच काही गिळते. "दादासाहेब, मला काठाशी वीतभर पाणी द्या. तेवढंच. पोरं सोडायची आहेत. आज-उद्या ओल मिळाली नाही तर पोटाखालीच वाळतील हो."

"खेकडा असल्याचा पुरावा काय?"

"या बघा नांग्या."

"विंचवालाही असतात."

"आडवी चालते."

"हॅ! दारू प्यालेलं माकडही चालतं."

हा कलकलाट डोहाच्या मालकांच्या कानावर गेला. मालक म्हणजे पाणघोडा. त्यांना सगळे सरकार म्हणत. सरकार दिवसभर नाकापर्यंत पाण्यात असत, आणि निर्णयाची वेळ आली की नाकही आत घेत. पण आज कलकलाट पाण्याखालीही ऐकू येऊ लागला, तेव्हा नाइलाजानं त्यांनी डोकं वर काढलं.

"ज्याचं कूळ वेगळं, त्याला वेगळी जागा," सरकार म्हणाले. "कोण कुठल्या कुळाचा, ते कुणा जाणत्यानं ठरवा. मला झोपू द्या."

"मी आहे की!" काठावरून आवाज आला.

पाहतात तो काय, पाणमांजर! अंग तुळतुळीत, मिशा विंचरलेल्या, कपाळाला पांढऱ्या मातीचं गंध. नाकावर एक जुना खोल वण होता, नांगीच्या आकाराचा. कुणी विचारलंच तर म्हणत, "अभ्यास करताना लागलं."

"मला शास्त्रीबुवा म्हणतात," पाणमांजर म्हणालं. म्हणजे म्हणाले. "खेकडा हा माझा जन्माचा विषय. बाकीचे लोक खेकड्याचा अभ्यास बाहेरून करतात. माझा आतून आहे."

खेकडे भारावून गेले. आजवर त्यांच्याकडे एवढ्या प्रेमानं कुणी पाहिलंच नव्हतं.

"मंडळी, पाठीवरून खेकड्याचं कूळ कळत नाही," शास्त्रीबुवा समजावू लागले. "पाठ फसवी असते. खरी खूण असते पोटाखाली. त्या पडद्याआडची ती बारीक दांडी आहे ना, तिचं टोक कुणाचं डावीकडे वळतं, कुणाचं उजवीकडे, कुणाचं दुमडतं. तेच कूळ."

आता गंमत बघा मुलांनो, यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. लबाडी करायची तर सामान नेहमी अस्सल वापरावं लागतं.

"तेव्हा उद्या सकाळी समोरच्या वाळूच्या उतारावर यायचं. अंग स्वच्छ धुऊन यायचं, चिखल दाताखाली... म्हणजे नजरेखाली आलेला मला चालत नाही. रांगेत उताणं निजायचं. नांग्या छातीवर जोडायच्या, नम्रपणे. ज्याचं कूळ वेगळं ठरेल, त्याला या पांढऱ्या मातीचा टिळा. टिळा असेल त्याला डोहात जागा."

"आणि नसेल त्याला?" साळूबाईनं विचारलं.

"त्यानं पाण्याकडे बघावं. बघायला बंदी नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तो उतारावर खेकडेच खेकडे. सगळे उताणे. आता खेकड्यानं उताणं होणं म्हणजे चेष्टा नव्हे. दादासाहेबांना तर चार नातवांनी ढकलून पाडावं लागलं. पण पडल्यावर चेहऱ्यावर काय समाधान!

"आमची दांडी बघा," पडल्या पडल्या बापू सांगत होते, "टोकाला कशी नाजूक वळली आहे. हे वळण दुसऱ्या कुणात नाही."

"वळण कसलं, वाकडेपणा तो," दादासाहेब आभाळाकडे बघत म्हणाले. "आमची बघा. सरळ. घराण्यात कुणी वाकलंच नाही."

"जाडी बघू नका, कोरीव काम बघा," खडके म्हणाले.

शास्त्रीबुवा रांगेतून फिरू लागले. एकेकाच्या पोटावर बोट दाबून बघत होते. "वा! फारच भरीव कूळ." पुढे सरकले. "अरेच्चा! दुर्मिळ. अतिशय दुर्मिळ. वर्षाकाठी एखादाच मिळतो."

"ऐकलंत?" बापू शेजाऱ्याला म्हणाले. "दुर्मिळ म्हणाले मला."

रांगेच्या शेवटी साळूबाई उभी होती. तेवढी एकटीच पायांवर.

"बाई, उताणी हो."

"मला नाही हो होता येत, शास्त्रीबुवा. पोरं सांडतील."

शास्त्रीबुवांनी वाकून पडद्याची कड बघितली. मिशा थरथरल्या. "असू देत, असू देत. सांडली तर वेचून घेऊ. चिल्लीपिल्ली तर विशेष... अभ्यासाला विशेष बरी."

साळूबाई दोन पावलं मागे सरली. "नको मग. राहू दे टिळा."

"पोट दाखवत नाही त्याला कूळ नाही!" शास्त्रीबुवा गरजले. "बाजूला हो."

"म्हटलं नव्हतं, फळ आहे म्हणून?" दादासाहेब खालून म्हणाले.

साळूबाई बाजूला झाली. डोह समोर होता, चार हातांवर. पण पाण्याच्या कडेला दादासाहेबांचे ते चार नातू पहाऱ्याला उभे होते, आणि टिळ्याशिवाय ते कुणाला पाय बुडवू देत नव्हते. पोटाखालची चुळबूळ आता मंदावली होती. मघाशी पोरं ढुशा देत होती, आता नुसती चिकटून होती. आईला चुळबुळीचा त्रास होतो, पण ती थांबली की जीव जातो.

तिनं परत रांगेकडे पाहिलं. शास्त्रीबुवा आता फिरायचे थांबले होते. दादासाहेबांसमोर फतकल मारून बसले होते. हात चोळत होते. मान एका बाजूला कलली होती, कुठून सुरुवात करावी अशी.

ही बैठक साळूबाईनं कुठे तरी पाहिली होती. कुठे बरं? आणि लख्ख आठवलं. गोगलगाय उताणी केल्यावर ती स्वतः अश्शीच बसायची.

"अहो उठा!" साळूबाई ओरडली. "उठा सगळे! हा टिळा लावणार नाही, हा जेवणार आहे! एक व्हा! आपण सगळे खेकडे आहोत, एकजुटीनं उठलो तर हा काय करणार आहे?"

रांगेतून टाळ्या पडल्या. पडल्या पडल्या.

"बोलते छान," बापू म्हणाले.

"भावना चांगल्या आहेत," खडके म्हणाले. "एकजुटीला आमचा कायमचा पाठिंबा आहे. एवढा टिळा झाला की बसून ठरवू."

"कूळ नाही ना," दादासाहेब म्हणाले, "म्हणून सगळ्यांना एक व्हायला सांगते. ज्याच्याकडे काही नसतं त्याला एकी सुचते."

"शांतता," शास्त्रीबुवा म्हणाले. आवाज जरा ओला झाला होता. "आता डोळे मिटा आणि मनातल्या मनात आपापल्या कुळाचं नाव घ्या. थोडं टोचल्यासारखं होईल."

सगळ्यांनी डोळे मिटले. म्हणजे खेकडे मिटतात तसे, डोळ्यांचे देठ दुमडून खोबणीत घातले. शास्त्रीबुवांनी जबडा उघडला.

साळूबाईला एक क्षण वाटलं, निघून जावं. यांच्या कुळांचं यांच्याबरोबर जाऊ दे. पण जायचं कुठे? हे सगळे संपले की शास्त्रीबुवा तोंड पुसून तिच्याच मागे येणार. चिल्लीपिल्ली विशेष म्हणून.

ती तुरुतुरु दादासाहेबांपाशी गेली. कानात बोलायला खेकड्याला कान नसतात, म्हणून मोठ्यानंच बोलली.

"पडून राहा हो दादासाहेब, उठू नका. तुमचं काय ठरायचंय? बापू काल सांगतच होते सगळ्यांना, डोहकर म्हणजे आमच्या जांभळ्यांचीच धाकटी पाती. पाण्यात पडून रंग गेला, एवढंच."



मग एक डोळा खोबणीतून वर आला. "काय म्हणालीस?"

"धाकटी पाती. खरं म्हणजे नोकरांकडची, असंही म्हणत होते."

चार नातवांनी ढकलून पाडलेले दादासाहेब पापणी लवायच्या आत पालथे झाले. पापणी माझी हो, त्यांना कुठून?

"कोण रे तो जांभळा!"

"मी कधी म्हणालो?" बापू उसळून उठले. "पण म्हणालो असतो तर काय खोटं होतं?"

"आणि खडके मास्तर," साळूबाई तिकडे वळली, "तुम्ही चपटे का, ते या दोघांनाही ठाऊक आहे म्हणे. तुमच्या खापरपणज्यावर कुणीतरी बसलं होतं. तेव्हापासून."

"कोण बसलं होतं? नाव सांगा! कोण बसलं होतं!"

झालं. एकीची हाक दिली तेव्हा ज्यांचा एक पायही हलला नव्हता, ते सगळेच्या सगळे कसे उभे राहिले हे बघण्यासारखं होतं. दादासाहेबांनी बापूंची तंगडी धरली. बापूंनी खडक्यांची नांगी धरली. खडक्यांनी समोर जे आलं ते धरलं, आणि समोर शास्त्रीबुवांची मिशी होती.

"अहो थांबा! थांबा! मी निवाडा करतो!" शास्त्रीबुवा ओरडले.

"तू कोण निवाडा करणार? तुझं कूळ काय? तू आधी उताणा हो!"

पुढच्याला मागच्यानं धरलं, त्या मागच्याला त्याच्या मागच्यानं. कुणाचं नाक, कुणाचं शेपूट, काही हिशेब राहिला नाही. पांढरी माती उधळली आणि टिळा सगळ्यांनाच लागला, शास्त्रीबुवांच्या ढुंगणालाही. काठावरचे चार नातू आजोबांची बाजू घ्यायला पहारा टाकून वर धावले. मग या सगळ्यांचा मिळून एक मोठा गोळा झाला. त्यात पाय कुणाचे आणि शिव्या कुणाच्या ते कळत नव्हतं. गोळा उतारावर होता, तेव्हा त्यानं गोळ्यानं जे करायचं तेच केलं. गडगडत निघाला आणि धप्पकन डोहात पडला.

साळूबाई मात्र रिकाम्या काठावरून हळूच, आडव्या चालीनं पाण्यात उतरली. गार पाणी पोटाखाली शिरलं. एक क्षण काही नाही. आणि मग एक ढुशी. मग दुसरी. मग अशा काही ढुशा सुरू झाल्या की साळूबाई हसायलाच लागली.

तिकडे शास्त्रीबुवा पाण्यातून वर आले ते पलीकडच्या काठाला. नाकावर आता दुसऱ्या बाजूलाही वण होता. ते मागे न बघता पळाले. हल्ली ते पक्ष्यांच्या अंड्यांवर व्याख्यानं देतात, असं ऐकतो. अंडी ऐकून घेतात.

एवढा धप्पा झाल्यावर सरकारांना वर यावंच लागलं. पाण्यात जिकडेतिकडे खेकडे. टिळे पाण्यानं केव्हाच धुऊन गेलेले.

"ठरलं का कोण कुठला?" सरकारांनी विचारलं.

सगळे एकदम बोलायला लागले. सरकारांनी जांभई दिली. "मला तर सगळे सारखेच दिसताय. राहा कसेही." आणि नाक आत.

सारखे!

त्या दिवशी, मुलांनो, डोहाच्या इतिहासात पहिल्यांदा सगळे खेकडे एक झाले. "सारखे म्हणाले आपल्याला!" दादासाहेब थरथरत म्हणाले. "तुम्हाला आणि आम्हाला!" बापू म्हणाले. "खापरपणजा गेला खड्ड्यात, हे आधी!" खडके म्हणाले. तिथल्या तिथे निषेधाचा मोर्चा निघाला, सरकारांच्या नाकावर धडकायला.

पण मोर्चा खेकड्यांचा. तो आडवा चालला. डोहकर आडवे आडवे जाऊन खोल तळाशी पोचले. खडके आडवे आडवे कातळाच्या फटींशी पोचले. जांभळे आडवे आडवे काठावरच्या ओल्या मातीत पोचले. तिथे प्रत्येकाला जरा दम लागला, जरा बरं वाटलं, आणि मोर्चाचा विषय मागे पडला. कोपरा ज्याचा त्याला. कुणाची जागा कुणालाही नकोच होती. हे आधी कुणी बघितलं असतं तर भांडण झालं नसतं. म्हणजे बरंच झालं, नाही बघितलं ते.

राहिली साळूबाई. डोहाच्या काठी एक झाड पाण्यात पाय सोडून उभं होतं. त्याच्या मुळांच्या बेचक्यात कुणीच गेलं नव्हतं, कारण ती जागा झाडाची होती. साळूबाईनं तिथे पडदा उघडला आणि पोरं सोडली.

मोहरीएवढी पोरं पाण्यात पसरली. जरा पोहली. जरा थांबली. एकमेकांकडे बघितलं. मग सगळी सरकून दोन घोळक्यांत उभी राहिली.

"काय झालं रे?" साळूबाईनं विचारलं.

"आई, त्यांना तिकडे जायला सांग," एक पोर नांगी उगारून म्हणालं. "आम्ही पोटाच्या डाव्या बाजूचे. ते उजव्या बाजूचे. आमचं आणि त्यांचं जमायचं नाही."

साळूबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाली, "चला, जगतील आता."

तात्पर्य: एकीत मोठं बळ असतं, यात वाद नाही. पण एकी जमेपर्यंत खाणारा जेवून, हात धुऊन, बडीशेप चघळत घरी गेलेला असतो. भांडण मात्र केव्हाही तयार असतं. म्हणून शहाण्यानं आपल्या माणसांशी एखादं भांडण नेहमी ताजं ठेवावं. अडीअडचणीला तेच धावून येतं.